मदरबोर्डच्या मागची कूलरची बॅकप्लेट चिकटून बसलीय, सुटता सुटत नाही

झुआरीकाठ (धागाकर्ता)
मंडळी, मदत हवीय. घरचा पीसी, एलजीए १२०० सॉकेटचा (प्रोसेसर बसतो ती जागा) बोर्ड, इंटेलचा दहाव्या पिढीचा आय५ प्रोसेसर. टॉवर कूलरच्या पंख्याचं बेअरिंग घरघरायला लागलं, तसा पंखा आता सुटा मिळत नाही, म्हणून नवीन कूलरच मागवला. जुना कूलर वरून छान निघाला, चारही स्क्रू सुटले, पण मागची बॅकप्लेट, म्हणजे ते स्क्रू ज्या प्लेटीत बसतात ती! फोमवाल्या डबल टेपने बोर्डाला अशी धरलीय की हलायला तयार नाही. नखाने बघितलं, जुनं एटीएम कार्ड घालून बघितलं, कार्ड वाकलं, प्लेट तशीच. नवीन कूलरची प्लेट वेगळ्या आकाराची आहे त्यामुळे ही काढल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. चपटा स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू का? की हेअर ड्रायर मारू? चवथीला गणपतीवर माटोळी बांधायच्या आत जेवणाच्या टेबलावरचा हा पसारा उचलायचा असा घरून हुकूम आहे.

रॅमनाथ
स्क्रूड्रायव्हर खाली ठेव. आत्ता. मग पुढचं बोलू.

बार्देसकर
एवढं काय घाबरायचं, मी चपट्या स्क्रूड्रायव्हरनेच काढलीय, एका झटक्यात निघाली. खाली जुनी पट्टी ठेवायची टेकू म्हणून. झालं.

सोल्डरबाब
बार्देसकर, तुमची निघाली हे तुमचं नशीब. मी म्हापशात रिपेअरिंग करतो, झटक्यात निघालेल्या प्लेटांचे बोर्ड नंतर आमच्याकडेच येतात. सॉकेटच्या बरोबर मागे, प्लेटच्या कडेपासून अगदी जवळ, बारीक बारीक कपॅसिटर आणि रेझिस्टर असतात, तांदळाच्या कणीपेक्षा लहान. स्क्रूड्रायव्हर एकदा घसरला की एकतर तो दाणा उडतो नाहीतर वरचा लेप खरवडून आतली तांब्याची रेघ तुटते. दाणा उडाला तर निदान दिसतो, परत बसवता तरी येतो. रेघ प्रोसेसर आणि रॅमच्या मधली असेल तर बोर्ड चालू होतो पण एक रॅमचा स्लॉट मेलेला, आणि गिऱ्हाईक म्हणतं मी तर काहीच केलं नाही.

झटक्याचा दुसरा त्रास म्हणजे बोर्ड वाकतो. ते सिरॅमिकचे कपॅसिटर ठिसूळ असतात, बोर्ड वाकला की त्यांना आतून तडा जातो, बाहेरून काही कळत नाही. म्हणून धातूचं काहीही आत घालायचं नाही आणि एका कोपऱ्याला धरून जोर लावायचा नाही. बाकी सगळ्या युक्त्या यानंतर.

खाजें
फेणी ओता कडेने. प्लेट सुटली नाही तरी तुम्ही सुटाल.

डिचोलीचा मास्तर
खाजें यांनी गमतीत म्हटलंय पण दिशा बरोबर आहे म्हणून सांगतो. त्या टेपचा गोंद बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक असतो. चिकटवल्यावर तो सावकाश पसरून पृष्ठभागाच्या बारीक खाचांत शिरतो, म्हणून नवी टेप सहज निघते आणि जुनी निघत नाही. त्याला सैल करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल चांगलं, तेही ९९ टक्क्यांचं. ते गोंद पूर्ण विरघळवत नाही, फुगवतं आणि पकड ढिली करतं, त्यामुळे वेळ द्यावा लागतो. फेणीत अल्कोहोल साधारण ४२ टक्के, उरलेलं बहुतेक पाणी, आणि वासाचे जे गुण असतात ते बोर्डावर राहतील. हुर्राक तर त्याहून पातळ.

सॅनिटायझरही नको. त्यात ग्लिसरीन घालतात हात कोरडे पडू नयेत म्हणून, ते मागे चिकट राहतं आणि धूळ ओढतं. नेलपॉलिश रिमूव्हर तर अजिबात नको, अ‍ॅसिटोनने स्लॉटांचं प्लास्टिक खराब होतं.

खाजें
मास्तर, म्हणजे पाहुण्यांना फेणी आणि बोर्डाला आयसोप्रोपिल. लिहून ठेवतो.

कुळागरवाली
@झुआरीकाठ दादा, आधी एक सांगा, बोर्ड केसमधून बाहेर काढलाय का? टेबलावर पसारा म्हणताय म्हणजे काढला असावा. आणि मागे बघितलंत तर धातूची एक लहान प्लेट आणि तिच्यावर स्टारच्या खाचेचे तीन स्क्रू दिसतात का? ते स्क्रू उघडू नका! ती प्लेट कूलरची नाही, इंटेलच्या सॉकेटची आहे. वर प्रोसेसर दाबून धरणारी जी धातूची चौकट असते ती त्या तीन स्क्रूंनी धरलेली असते. आमच्या शेजारच्या मुलाने तेच स्क्रू काढले आणि वरची चौकट सुटून आली. सॉकेटच्या पिना वाचल्या पण जीव वर आला होता सगळ्यांचा.

झुआरीकाठ
ताई, बोर्ड बाहेर आहे. तीन स्क्रू दिसतायत, आणि खरं सांगू का, मी त्यांच्याकडेच बघत होतो. कूलरची प्लेट त्यांच्या भोवतीने बसलीय, चौकोनी, मध्ये भोक असलेली.

कुळागरवाली
मग वेळेत विचारलंत 😀 प्रोसेसर सॉकेटमध्येच राहू दे, चौकट बंद. पिनांना त्याच्यासारखं दुसरं झाकण नाही. फक्त प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट (कूलरच्या मधला लेप) पुसून टाका म्हणजे बोर्ड पालथा ठेवताना कशाला लागणार नाही.

अंत्रुज
बोर्ड बाहेर काढायची गरज काय पण? केसच्या ट्रेला मागे मोठी खिडकी कापलेली असते ती कशाला? मी तर बाजूचा पत्रा काढतो आणि मागून काम करतो.

रॅमनाथ
प्लेट सुटी असेल तर खिडकी पुरते. चिकटलेली असेल तर त्या खिडकीतून हात कुठून घालणार, अल्कोहोल सोडलं तर ते कुठे वाहतंय ते दिसणार कसं, आणि बोर्ड स्टँडऑफवर (केसमधले टेकू) अडकलेला असताना ओढलं की तोच वाकतो. बाहेरच काढा. ग्राफिक्स कार्ड, रॅम, एम.२ ड्राइव्ह सगळं उतरवा. वायर काढून पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरा आणि ते नाण्यासारखं सेल पण काढा. बोर्ड जाड पुठ्ठ्यावर ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीवर नको. आता पावसात हवाच दमट आहे त्यामुळे स्टॅटिकची भीती कमी, पण सवय चांगली.

तंगूस
माझं नाव बघून कळलं असेल मी काय सांगणार. ०.४० मिलिमीटरचा नायलॉनचा तंगूस, म्हणजे गळाची दोरी घ्या, हातभर. दोन्ही टोकांना पेन्सिलीचे तुकडे बांधा नाहीतर बोटं कापतील. प्लेटच्या एका कडेखाली सरकवा आणि करवतीसारखा मागेपुढे ओढत न्या, फोम मधोमध कापला जातो. दात साफ करायचा फ्लॉस पण चालतो पण तो मध्येच तुटतो. वेणीची दोरी घेऊ नका, ती खरखरीत असते, बोर्डाचा लेप घासेल. शापोऱ्याच्या जेटीवर बसणाऱ्या कुणाकडेही तुकडा मिळेल. ट्रॉलरबंदी ३१ जुलैला उठली तरी समुद्र अजून खवळलेलाच आहे, गळ टाकून बसणाऱ्यांना तसंही काही लागत नाहीये सध्या.

अंत्रुज
श्रावणात मासेमारीचा विषय काढू नये हो, इथे अळूवडीवर दिवस काढतोय.

तंगूस
मी खातोय असं कुठे म्हटलं, गळ टाकून नुसता बसतो.

सोल्डरबाब
तंगूसची युक्ती चांगली आहे, आम्हीपण वापरतो मोबाईलच्या स्क्रीनला. पण एक अट. करवत चालवायच्या आधी आपल्या बोर्डाच्या मॉडेलचा मागच्या बाजूचा मोठा फोटो नेटवर शोधा, बनवणाऱ्याच्या साईटवर किंवा रिव्ह्यूमध्ये असतो. प्लेटखाली आणि तिच्या मधल्या भोकात कुठे पार्ट आहेत ते बघा. दोरी नेमकी त्या ओळीवरून गेली तर तीही दाणे उडवते. जिथे पार्ट आहेत तिथपर्यंत दोरी न्यायचीच नाही, त्या बाजूला फक्त अल्कोहोल आणि वेळ.

बार्देसकर
एवढा अभ्यास शालांतला केला असता तर...

सोल्डरबाब
तर मी रिपेअरिंग केलं नसतं आणि तुमचा बोर्ड कोणी बघितला असता 😄

व्हाळातलो
मध्येच विचारतो, माझा एएम५ चा (एएमडीचं सॉकेट) बोर्ड आहे. कूलर बदलायचाय, माझी पण मागची प्लेट हलत नाही. तंगूस माझ्यालाही चालेल का?

रॅमनाथ
व्हाळातलो, तू थांब!! एएम५ ची मागची प्लेट हलायचीच नसते. सॉकेटची चौकट वरून तिच्यातच स्क्रू केलेली असते. कूलरने तिचेच आटे वापरायचे. तू फक्त वरचे काळे प्लास्टिकचे ब्रॅकेट काढ, नवीन कूलरचे हार्डवेअर त्याच भोकांत बसवायचं. एएम४ ला, म्हणजे एएमडीच्या आधीच्या सॉकेटला, वेगळं आहे, तिथे वरचे चार स्क्रू काढले की प्लेट खाली पडते, ती खाली पडू नये म्हणून हाताने धरावी लागते. तरी एएम४ चे पुष्कळ कूलर कंपनीची मूळ प्लेटच वापरतात, त्यामुळे ती फेकून देऊ नये, भंगारवाल्याला दिलीस तर नंतर शोधत फिरशील.

व्हाळातलो
देव बरें करूं पात्रांव. वाचलो.

अंत्रुज
आणि एएम४ वाल्यांनी मुख्य सावधगिरी वरून घ्यायची, मागून नाही. तिथे पिना प्रोसेसरला असतात आणि कूलर सरळ वर ओढला की पेस्टने चिकटलेला प्रोसेसर कुलूप बंद असताना सॉकेटमधून उपटून येतो. आधी दहा मिनिटं गेम लावून गरम करायचा, मग पीसी बंद करून वायर काढायची आणि कूलर डावीउजवीकडे हळू फिरवत सोडवायचा.

कुळागरवाली
हेअर ड्रायरचं उत्तर कोणी दिलंच नाही दादांना.

डिचोलीचा मास्तर
चालतो. उष्णतेने तो गोंद मऊ पडतो. ड्रायर एक वीतभर लांब धरून, सतत फिरवत, दोन तीन मिनिटं, प्लेटला बोट लावलं तर गरम लागलं पाहिजे पण बोट टेकवून ठेवता आलं पाहिजे. तेवढ्याने बोर्डाला काही होत नाही. हल्लीचं शिशाविना सोल्डर २१७ अंशांच्या पुढे वितळतं, कपॅसिटर बहुतेक १०५ अंशांचे असतात, आपण ६०च्या आसपास आहोत. पण सुताराकडची हॉट एअर गन नको, ती ३००च्या वर सहज जाते.

आणि क्रम पाळा. आधी ड्रायर, मग तो बाजूला नेऊन ठेवायचा, बोर्ड जरा निवू द्यायचा, मग अल्कोहोल. आयसोप्रोपिलची वाफ पेट घेते. देवघरात दिवा असेल त्या खोलीत तर हे काम नकोच, खिडकी उघडी ठेवा.

अंत्रुज
आमच्या ऑफिसात एकाने उलटा उपाय सांगितला होता, फ्रीझरमध्ये ठेवा, गोंद कडक होऊन तुटतो म्हणे.

डिचोलीचा मास्तर
थंडीत गोंद ठिसूळ होतो हे खरंय. पण आपल्याकडे ऑगस्टमध्ये फ्रीझरमधून काढलेल्या बोर्डावर दव धरतं ते सॉकेटच्या आत, स्लॉटांच्या आत सगळीकडे. कोरड्या हवेच्या गावातल्यांनी करावं. इथे नको.

झुआरीकाठ
अपडेट: आयसोप्रोपिल मिळालं, मोबाईल रिपेअरवाल्याने छोटी बाटली भरून दिली. ड्रायर मारला, फोटो शोधून बघितला. वरच्या बाजूला, म्हणजे व्हीआरएमच्या (प्रोसेसरला वीज देणारा भाग) बाजूला, पार्टांची ओळ आहे. खालची आणि दोन्ही बाजूंची कड मोकळी आहे. आता अल्कोहोल टाकायचं कसं, ओतू?

सोल्डरबाब
ओतू नका. सुई काढलेली सिरिंज घ्या. बोर्ड तिरका उभा करा, कूलरची प्लेट तुमच्याकडे, आणि वरच्या कडेला थेंब थेंब सोडा म्हणजे ते फोमच्या मागून खाली उतरतं. मग बोर्ड फिरवून दुसरी कड. दहा मिनिटं थांबा, परत सोडा, परत थांबा. घाई केली की सगळं वाया. मग तंगूस मोकळ्या कोपऱ्यातून.

कोपरा जरा उचलला की तिथे प्लास्टिकचा तुकडा सारून ठेवा, गिटारचं पिक मिळालं तर उत्तम, आणि पुढच्या कोपऱ्याकडे जा. घावन तव्यावरून सोडवतात तसं, कडेने फिरत. आणि ओढताना हळू पण सतत ओढा. ह्या फोमच्या टेपा झटक्याला दाद देत नाहीत, हलका जोर धरून ठेवला की अर्ध्या मिनिटाने आपोआप सरकायला लागतात.

रॅमनाथ
अजून एक, जुन्या कूलरचे जे लांब स्क्रू वरून आत जात होते ते चारही परत तीन चार आटे घाला, वरच्या बाजूने. मग बोर्ड आडवा पण उचललेला धरून स्क्रूंच्या डोक्यावर अंगठ्याने आळीपाळीने हलकं दाबायचं. प्लेट आतून बाहेर ढकलली जाते, आणि बोर्डाच्या मागे काहीच घालावं लागत नाही. चारही कोपऱ्यांना सारखं दाबायचं, एकालाच नाही.

बार्देसकर
हे मात्र आवडलं. माझ्या झटक्यापेक्षा बरं.

कोलव्याचो
आमच्याकडे समुद्र अगदी समोर आहे, आमचा प्रॉब्लेम गोंदाचा नसतोच. खारट हवेने स्क्रू गंजतात आणि स्क्रू फिरवला की मागचा पितळी नट पण त्याच्याबरोबर फिरतो, निघत नाही की आवळत नाही. कोणाला अनुभव?

सोल्डरबाब
हो, किनाऱ्यावरून येणाऱ्या मशिनींत नेहमीच. नट प्लेटच्या प्लास्टिकमध्ये सैल झालेला असतो. दोन माणसं लागतात. एकाने मागून नटाला पक्कडीने धरायचं, दुसऱ्याने वरून फिरवायचं. पक्कड पोचत नसेल तर मागून प्लेट बोटांनी बोर्डापासून ओढून धरा, नट प्लास्टिकमध्ये रुतून धरला जातो. गंजावर तेल लावायचंच तर कापसाच्या काडीने थेंबभर स्क्रूच्या आट्याला. बोर्डाजवळ स्प्रे मारायचा नाही कधी.

खाजें
लग्नाच्या पंचवीस वर्षांनंतर दोन माणसं एका स्क्रूला धरून उभी राहिली तर कोण कोणाला काय बोलेल याची जबाबदारी सोल्डरबाबांची.

पेडण्यातली
माझा एक वेगळा प्रश्न, मूळ मुद्द्यालाच धरून आहे. ही प्लेट काढायलाच हवी का? एलजीए ११५० पासून १२०० पर्यंत भोकं तीच, ७५ मिलिमीटरची. जुन्या प्लेटच्या आट्यात नव्या कूलरचे स्क्रू बसले तर? एवढा खटाटोप कशाला?

रॅमनाथ
प्रश्न रास्त आहे आणि खरं तर पहिल्याच पोस्टीला विचारायला हवा होता. भोकं जुळतात, आटे जुळतीलच असं नाही. एकाचे एम३ (३ मिलिमीटरचे), दुसऱ्याचे एम४, कोणाचे इंची आटे. आणि आटे जुळले तरी कूलरच्या स्टँडऑफची उंची वेगळी असते, त्यावर कूलर प्रोसेसरवर किती दाबला जाणार ते ठरतं. कमी पडला तर तापेल, जास्त पडला तर बोर्ड वाकेल. एकाच कंपनीचा जुना नवा कूलर असेल तर मात्र आधी त्यांच्या साईटवर बघावं, पुष्कळदा तीच प्लेट चालते. आणि एलजीए १७०० ला हे लागू नाही, तिथे भोकं ७८ची झाली.

झुआरीकाठ
माझे आटे वेगळे आहेत, तपासलं होतं. कंपनीपण वेगळी.

पेडण्यातली
ठीक मग, चालू द्या करवत.

झुआरीकाठ
निघाली!! दोन वेळा अल्कोहोल, मध्ये चहा, मग तीन मोकळ्या कडांनी तंगूस, आणि वरच्या कडेला दोरी नेलीच नाही, रॅमनाथ म्हणाले तसे स्क्रू घालून अंगठ्याने दाबलं. फोम चर्र करून सुटला, मोठा तुकडा प्लेटला आला आणि वरच्या कडेचा बोर्डालाच राहिला. सगळे दाणे जागेवर, भिंग घेऊन फोटोशी ताडून बघितले. तंगूसला विशेष धन्यवाद, तुकडा शेजारच्यांकडूनच मिळाला. आता बोर्डावर उरलेला गोंद कसा काढू?

डिचोलीचा मास्तर
अंगठ्याने चोळत गोळी करून काढा, खरवडू नका. राहिलेल्याला आयसोप्रोपिलमध्ये भिजवलेला सुती कपडा, पाच मिनिटं ठेवून. पार्टांच्या ओळीवर उरलेला फोम तसाच राहू दे, तो काही नुकसान करत नाही, त्याच्या मागे लागून दाणे उडवू नका. आणि ह्या दमट हवेत बोर्ड रात्रभर पंख्याखाली वाळू द्या, मगच वीज.

झुआरीकाठ
बरं. आणि शेवटचा प्रश्न. नवीन प्लेटला पण तसाच फोम आहे, वर सोलायचा कागद. सोलू की नको?

बार्देसकर
सोला. नाहीतर एकट्याने वरून स्क्रू लावताना प्लेट मागून पडत राहते.

सोल्डरबाब
सोलू नका! फोमचं काम प्लेट बोर्डापासून वेगळी ठेवायचं, ते कागदासकट होतं. स्क्रू आवळले की प्लेट कुठे जात नाही.

पेडण्यातली
पण कागद उन्हाळ्यात गरम होऊन...

सोल्डरबाब
काही होत नाही ताई, कितीतरी बोर्ड कागदासकट चाललेत. धरायला माणूस नसेल तर दोन कोपऱ्यांना साधी कागदी टेप लावा बाहेरून, स्क्रू लागले की काढा.

कुळागरवाली
मी पण कागद ठेवते. प्लेटखाली पार्टांना टेकत नाही ना एवढं मात्र बसवायच्या आधी बघा दादा, तुमच्या वरच्या कडेला ओळ आहे.

झुआरीकाठ
बघितलं, नवीन प्लेट त्या बाजूला आखूड आहे, टेकत नाही. कागदी टेप आणली, कागद सोलत नाही. सकाळी बसवतो.

बार्देसकर
बहुमत झालं म्हणून गप्प बसतो. पण मी सोललाय.

खाजें
मग पुढच्या वेळी कूलर बदलताना धागा तुम्ही काढा.